परसबागेतील विषारी वनस्पती आणि राखणीचे कुत्रे : ओळख, लक्षणे व तातडीचे उपाय

शेतावरील वस्ती, गोठा, खळे आणि फळबाग यांच्या राखणीत कुत्र्याचा वाटा मोठा असतो. मेंढपाळांच्या वाड्यापासून द्राक्षबागेतील शेडपर्यंत रात्रीची पहिली चाहूल त्यालाच लागते. कर्नाटकातील मुधोळ हाउंड, तसेच तामिळनाडूतील राजपालयम व चिप्पीपराई या देशी जातींची नोंदणी कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने केली आहे. त्यामुळे कुत्रा हाही आपल्या पशुधन-वारशाचा भाग आहे, ही जाणीव रुजू लागली आहे.

गाईगुरांच्या विषबाधेविषयी आपला शेतकरी बराच सावध असतो. ताण बसलेली कोवळी ज्वारी जनावरांना चारू नये, घाणेरीचा पाला त्यांच्या तोंडी लागू देऊ नये, हे बहुतेकांना ठाऊक असते. कुत्र्याच्या बाबतीत मात्र ‘तो कुठे झाडपाला खातो?’ असा सर्वसाधारण समज आहे. हा समज अपुरा आहे. कुत्रा झाडपाल्यावर जगत नसला तरी तो पाने कुरतडतो, माती उकरतो, कंद बाहेर काढतो आणि वास आवडला तर खतही खातो. शिवाय त्याचे वजन कमी असते. तीनशे किलोच्या गाईला जेमतेम जाणवेल एवढी मात्रा दहा किलोच्या कुत्र्याचा जीव घेऊ शकते. प्रस्तुत लेखात परसबागेत, बांधावर आणि शेतघराभोवती नेहमी आढळणाऱ्या अशा वनस्पतींची व शेतमालाची माहिती दिली आहे.

विषबाधा कोणत्या वाटांनी होते?

पहिली वाट कुरतडण्याची. दात येण्याच्या वयातील पिल्ले, म्हणजे साधारणपणे तीन ते सात महिन्यांची, समोर येईल ती वस्तू चावतात. दिवसभर साखळीला बांधलेला मोठा कुत्राही कंटाळून हाताशी असलेले झाड चावत बसतो. दुसरी वाट उकरण्याची. नुकताच भरलेला खड्डा, ओली माती आणि हाडांचे खत यांचा वास कुत्र्याला खेचून घेतो. तिसरी वाट आपल्याच हातून तयार होते. उरलेली भाजी, रस्सा, मूठभर बेदाणे किंवा चिंचेचा कोळ आपण प्रेमाने त्याच्यापुढे ठेवतो. प्रतिबंधाचा विचार करताना या तिन्ही वाटा लक्षात घ्याव्यात.

कण्हेर व बिट्टी : हृदयावर परिणाम

तांबडी, गुलाबी वा पांढरी फुले येणारी कण्हेर, शास्त्रीय नाव नेरियम ओलिएंडर, कमी पाण्यावर वाढते आणि जनावरे तिला तोंड लावत नाहीत. म्हणूनच महामार्गांच्या दुभाजकांत आणि शेतघरांच्या कुंपणाला ती सर्रास लावली जाते. हिंदी भाषक प्रदेशात ती कनेर, गुजरातेत करेण, बंगालमध्ये करबी, कर्नाटकात कणगिले, आंध्र व तेलंगणात गन्नेरु, तर तामिळनाडू व केरळात अरळी या नावाने ओळखली जाते. पिवळी, घंटेच्या आकाराची फुले येणारी बिट्टी अर्थात पिवळी कण्हेर ही वेगळी वनस्पती असली तरी एकाच कुळातील आहे. तिचे विषही त्याच प्रकारचे असून बियांत ते सर्वाधिक असते.

या दोन्ही झाडांच्या सर्व भागांत हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइड द्रव्ये असतात. हृदयाच्या स्नायुपेशींतील सोडियम व पोटॅशियम यांचे संतुलन राखणाऱ्या विकराचे काम ही द्रव्ये रोखतात. परिणामी ठोके अनियमित होतात, बहुधा मंदावतात आणि अखेरीस हृदय बंद पडते. सुरुवातीला लाळ गळणे, उलट्या, पोटदुखी व जुलाब दिसतात. त्यानंतर अशक्तपणा, थंड पडलेले पाय आणि तुटक नाडी ही लक्षणे येतात.

येथे एक बाब विशेष ध्यानात ठेवावी. कण्हेरीचे पान वाळल्यानंतरही विषारीच राहते. छाटणीच्या फांद्या अंगणात वाळत टाकणे, त्यांचा कुत्र्याच्या जागेत अंथरूण म्हणून वापर करणे किंवा त्या जाळणे टाळावे. कण्हेरीची फुले ठेवलेल्या भांड्यातील पाणी कुत्र्याला पिऊ देऊ नये. देवपूजेतील हार व निर्माल्य उघड्या खड्ड्यात टाकले जात असेल, तर त्या खड्ड्यावर झाकण असावे. माणसांच्या बाबतीतही या वनस्पतीविषयी सावधगिरी वाढत आहे. केरळात त्रावणकोर देवस्वम मंडळाने २०२४ मध्ये नैवेद्य व प्रसादात अरळीची फुले वापरणे थांबवले.

सायकस : यकृतावर परिणाम

कृषी पर्यटन केंद्रे, शेतघरे आणि सोसायट्यांच्या प्रवेशद्वारापाशी हमखास दिसणारे सायकस दिसायला ताडासारखे असते. वनस्पतिशास्त्रानुसार ते ताडकुळातील नाही. त्याला सागो पाम असेही म्हणतात. या नावामुळे साबुदाण्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही, कारण भारतात साबुदाणा टॅपिओकाच्या म्हणजे कसाव्याच्या कंदापासून तयार होतो.

सायकसमध्ये नर व मादी झाडे वेगळी असतात. मादी झाडाच्या मध्यभागी नारिंगी-तांबड्या रंगाच्या बिया येतात आणि त्या कुत्र्यांना खेळण्यासारख्या वाटतात. झाडाचे सर्व भाग विषारी असले तरी बियांत विषाचे प्रमाण अधिक असते. सायकसिन हे त्यातील मुख्य विषद्रव्य. आतड्यातील जिवाणू त्याचे विघटन करतात आणि त्यातून बाहेर पडणारे द्रव्य यकृताच्या पेशी नष्ट करते. एक-दोन बिया खाल्ल्यानेही कुत्रा दगावू शकतो. उपचार होऊनही प्रकाशित नोंदींमध्ये साधारण एक तृतीयांश ते निम्मे कुत्रे दगावलेले आढळतात.

खाल्ल्यानंतर काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत उलट्या सुरू होतात. नंतर कुत्रा थोडा सावरल्यासारखा वाटतो आणि मालक निर्धास्त होतो. दोन-तीन दिवसांत मात्र कावीळ, काळी विष्ठा, हिरड्यांतून वा नाकातून रक्तस्राव, झटके अशी यकृत निकामी झाल्याची चिन्हे दिसू लागतात. तोपर्यंत उपचाराची खरी वेळ निघून गेलेली असते. म्हणून सायकसची बी चावल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यकाकडे जावे.

पश्चिम घाटात सायकसची स्थानिक जातीही आढळते. केरळात तिच्या बियांचे पीठ खाण्याची परंपरा आहे, परंतु त्या बिया कापून, वाळवून व पुनःपुन्हा पाण्यात भिजवून विष काढल्यानंतरच वापरल्या जातात. माणसे खातात म्हणून ती कुत्र्याला चालेल, असा निष्कर्ष त्यावरून काढू नये.

एरंड आणि एरंडीची पेंड

शेतकऱ्यांच्या दृष्टीने या यादीतील सर्वांत महत्त्वाची बाब हीच आहे. एरंड उत्पादनात भारत जगात अग्रेसर असून त्यातील मोठा वाटा गुजरातचा आहे. एरंडाच्या बीत रायसिन नावाचे प्रथिन असते. ते पेशींतील प्रथिननिर्मितीचे कामच थांबवते. बी न चावता गिळली गेल्यास तिचे कठीण कवच शाबूत राहते आणि ती विष्ठेवाटे तशीच बाहेर पडू शकते. चावली गेल्यास मात्र विष मोकळे होते. गुंजेच्या तांबड्या-काळ्या बियांतील अॅब्रिन हे विषही याच पद्धतीने काम करते.

रायसिन तेलात विरघळत नाही. बियांतून तेल काढले की ते तेलात न जाता पेंडीत राहते. पेंड पुरेशा उष्णतेने प्रक्रिया केलेली असेल तर विषाची तीव्रता नाहीशी होते, परंतु खत म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पेंडीवर अशी प्रक्रिया झालेली असेलच याची खात्री देता येत नाही. एरंडीच्या पेंडीत सुमारे ४.३ टक्के नत्र असते आणि सेंद्रिय खत म्हणून ती फळबागेत, भाजीपाल्यात व कुंड्यांत मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. तिचा वास कुत्र्यांना आवडतो. त्यात हाडांचे खत मिसळलेले असेल तर कुत्रा खड्डा उकरून ते मिश्रण पोटभर खातो. सेंद्रिय खत म्हणजे निरुपद्रवी खत, हा समज येथे घातक ठरतो.

लक्षणे लगेच दिसत नाहीत. बहुधा सहा तासांनंतर, कधी एक-दोन दिवसांनी उलट्या, रक्तमिश्रित जुलाब, तीव्र पोटदुखी, मरगळ आणि शरीरातील पाणी कमी होणे ही चिन्हे दिसतात. रायसिनवर निश्चित उतारा उपलब्ध नाही. लवकर पोट रिकामे करणे आणि शिरेतून द्रव देणे यांवरच उपचाराची भिस्त असते.

पेंड वापरताना पुढील काळजी घ्यावी :

१. पेंडीची पोती जमिनीवर न ठेवता बंद खोलीत वा उंच फळीवर ठेवावीत. फाटलेले पोते तातडीने बदलावे.
२. पेंड मातीच्या पृष्ठभागावर पसरू नये. ती मातीत नीट मिसळून वर मातीचा जाड थर द्यावा व पाणी द्यावे.
३. एरंडीची पेंड व हाडांचे खत एकाच खड्ड्यात एकाच वेळी घालणे टाळावे.
४. खत दिल्यानंतर काही दिवस त्या भागात कुत्र्यास मोकळे सोडू नये.
५. कुत्रा मोकळा फिरत असलेल्या परसबागेत व कुंड्यांत एरंडीऐवजी निंबोळी पेंड वा चांगले कुजलेले शेणखत वापरावे.

कळलावी व धोत्रा

पावसाळ्यात कुंपणावर चढणारी, पिवळ्या-तांबड्या ज्वालेसारख्या फुलांची कळलावी हे तामिळनाडूचे राज्यपुष्प आहे. त्या राज्यात औषधी बियांसाठी तिची शेतीही केली जाते. तिच्या कंदात व बियांत कोल्चिसिन हे द्रव्य असते. ते पेशींचे विभाजन रोखते. उकरण्याची सवय असलेला कुत्रा लागवडीच्या वेळी कंद बाहेर काढतो. काही तासांत तीव्र उलट्या व रक्ताचे जुलाब सुरू होतात आणि पुढील काही दिवसांत मूत्रपिंड, यकृत व अस्थिमज्जेवर परिणाम होतो. लागवडीच्या क्षेत्रात कंदांचे ढीग उघडे ठेवू नयेत आणि उरलेले कंद मोजून परत न्यावेत.

धोत्र्याच्या सर्व भागांत, विशेषतः बियांत, अॅट्रोपिन व स्कोपोलामिन गटातील अल्कलॉइड असतात. कुत्र्याचे तोंड कोरडे पडते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, हृदयाचे ठोके वाढतात, तो भेलकांडतो आणि नसलेल्या वस्तूंवर भुंकल्यासारखा वागतो. अशा कुत्र्याला पिसाळलेला समजून मारून टाकण्याचा धोका असतो. तथापि रेबीजची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नसल्याने त्याला हात न लावता बंदिस्त जागेत ठेवावे आणि पशुवैद्यकास बोलवावे.

कमी तीव्रतेच्या शोभिवंत वनस्पती

डिफेनबेकिया, मनीप्लँट, मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन आणि रंगीत पानांचे कॅलॅडियम ही सारी अळूच्या कुळातील झाडे आहेत. त्यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावताच ते तोंडात रुततात. कुत्रा लाळ गाळतो, पंजाने तोंड चोळतो, ओठ व जीभ सुजते. त्रास तत्काळ सुरू होत असल्याने तो सहसा जास्त खात नाही आणि जीवावर बेतण्याचे प्रसंग विरळ असतात. तोंड स्वच्छ पाण्याने धुऊन थोडे दही वा थंड दूध दिल्यास आराम पडतो. घशाला सूज येऊन श्वास घेण्यास त्रास होत असल्यास मात्र तातडीने उपचार करावेत.

कोरफडीच्या पानातील पारदर्शक गरापेक्षा सालीलगतच्या पिवळ्या चिकात रेचक द्रव्य असते. त्यामुळे उलट्या व जुलाब होतात. पॉइनसेटियाविषयी फार भीती पसरलेली असली तरी तिच्या चिकाने बहुधा तोंडाची व पोटाची किरकोळ जळजळ होते. लिलीच्या खऱ्या जाती मांजरांसाठी प्राणघातक आहेत. त्या मांजराच्या मूत्रपिंडावर आघात करतात. ज्या घरी मांजर आहे तेथे त्या लावूच नयेत.

शेतमालातील धोके : कांदा, लसूण, द्राक्षे, चिंच

कांदा व लसूण यांतील गंधकयुक्त द्रव्ये कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींचे नुकसान करतात आणि त्या फुटू लागतात. दर किलो शरीरवजनामागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेल्यास रक्तात लक्षणीय बदल होतात. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला १५० ते ३०० ग्रॅम, अर्थात एक-दोन मोठे कांदे पुरेसे ठरतात. लसूण त्याहून तीव्र आहे. शिजवल्याने किंवा वाळवल्याने हे द्रव्य नाहीसे होत नाही, त्यामुळे रोजचा उरलेला रस्साही निर्धोक नाही. लक्षणे काही दिवसांनी दिसतात : हिरड्या फिकट पडणे, धाप लागणे, लघवी तांबूस-तपकिरी होणे. कांदाचाळीभोवती पडलेला सडका कांदा वेळच्या वेळी उचलावा.

द्राक्षे व बेदाणे यांमुळे कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. यामागील कारण अनेक वर्षे अज्ञात होते. २०२१ मध्ये अमेरिकेतील पशुवैद्यकांनी द्राक्षातील टार्टारिक आम्लाकडे लक्ष वेधले आणि त्यानंतर या मताला बळकटी मिळत गेली. टार्टारिक आम्ल चिंचेतही भरपूर असते, त्यामुळे चिंचेबाबतही तीच खबरदारी घ्यावी. किती द्राक्षांनी बाधा होईल हे निश्चित सांगता येत नाही. एखादा कुत्रा मूठभर खाऊनही सावरतो, तर दुसऱ्याला थोडक्यातच बाधा होते. बेदाण्यात पाणी कमी झालेले असल्याने तेवढ्याच वजनात आम्लाचे प्रमाण अधिक असते. नाशिकच्या द्राक्षबागांत गळलेले मणी, तसेच सांगली-तासगाव भागातील बेदाणा शेडमधील खालचा माल राखणीच्या कुत्र्याला सहज मिळतो. पहिल्या २४ तासांत उलट्या होतात, त्यानंतर एक ते तीन दिवसांत लघवी कमी होते वा थांबते. सुरुवातीलाच उलटी काढून ४८ तास शिरेतून द्रव दिल्यास कुत्रा वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

विषबाधा कशाची, हे कसे ओळखावे?

शेतावर कुत्रा अचानक आजारी पडला की पहिला संशय शेजाऱ्यावर, दुसरा सापावर आणि तिसरा कीटकनाशकावर जातो. पुढील खुणा निरीक्षणासाठी उपयोगी पडतील. निदान मात्र पशुवैद्यकानेच करावे.

• लाळ, अश्रू, आकुंचित बाहुल्या व स्नायूंची थरथर : सेंद्रिय फॉस्फरस गटातील कीटकनाशकाचा संशय.
• कोरडे तोंड, विस्फारलेल्या बाहुल्या, भ्रमिष्ट वागणे : धोत्र्याचा संशय.
• उलट्यांसोबत मंद वा तुटक नाडी : कण्हेर वा बिट्टीचा संशय. कुत्र्याची नाडी मागील मांडीच्या आतील बाजूस बोटे ठेवून मोजता येते.
• चार-पाच दिवसांनी रक्तस्राव : रक्त गोठू न देणाऱ्या उंदीरनाशकाचा संशय. कावीळही असल्यास सायकसचा विचार करावा.
• तोंडाची अचानक सूज व लाळ, पण अन्यथा कुत्रा हुशार : अळूवर्गीय झाडाचा संशय.

तातडीने काय करावे, काय करू नये?

कुत्र्याला प्रथम झाडापासून दूर न्यावे. तोंडात अडकलेले तुकडे काढून तोंड पाण्याने धुवावे. हे करताना हातमोजे वापरावेत. खाल्लेल्या झाडाची फांदी, बी किंवा पेंडीचा नमुना, तसेच उलटीतील अवशेष पिशवीत भरून सोबत न्यावेत. झाडाचे स्पष्ट छायाचित्र पशुवैद्यकास आधी पाठवता आले तर उपचाराची तयारी वेळेत होते. खाल्ल्याची वेळ, अंदाजे मात्रा आणि कुत्र्याचे वजन या तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात.

मीठपाणी पाजून उलटी काढण्याचा प्रकार सर्वत्र चालतो. तो थांबवणे अत्यावश्यक आहे, कारण जास्त मिठाने रक्तातील सोडियम वाढून कुत्र्याला झटके येऊ शकतात आणि मृत्यूही ओढवू शकतो. तूप, तेल वा ताक विष उतरवते या समजाला आधार नाही. गुंगीत असलेल्या कुत्र्याच्या तोंडात कोणताही द्रव ओतल्यास तो फुप्फुसात जाण्याची भीती असते. उलटी काढावी की नाही, सक्रिय कोळसा किती द्यावा, हे पशुवैद्यकाने ठरवावे. खाल्ल्यापासून पहिले एक-दोन तास या उपचारांसाठी मोलाचे असतात. अनेक राज्यांत फिरत्या पशुवैद्यकीय पथकांसाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक कार्यरत आहे. तो क्रमांक व जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा दूरध्वनी गोठ्याच्या दारावर रंगवून ठेवावा.

बागेची आखणी

विषारी म्हणून प्रत्येक झाड उपटून टाकण्याची आवश्यकता नाही. कण्हेर रस्त्याच्या बाजूस, कुंपणाबाहेर लावता येते. सायकसच्या जागी अरेका पाम लावावा. तो कुत्र्यांना विषारी नाही आणि शोभेतही उणा पडत नाही. सायकस ठेवायचेच असल्यास मादी झाडाच्या बिया धरण्यापूर्वीच काढाव्यात. अंगणात गुलाब, मोगरा, जास्वंद व सूर्यफूल निर्धोकपणे लावता येतात. पिल्लू असलेल्या घरी मनीप्लँट टांगत्या कुंडीत ठेवावा. बांधावर आपोआप उगवलेले एरंड व धोत्रा फळे पक्व होण्यापूर्वी काढून टाकावेत.

विस्तार कार्यकर्त्यांनी परसबाग व सेंद्रिय शेतीच्या प्रशिक्षणात खतांच्या पाठासोबत एरंडीच्या पेंडीची साठवण हा विषय अवश्य घ्यावा. रोपवाटिकाधारकांना कण्हेर, सायकस व डिफेनबेकिया यांच्या कुंड्यांवर ‘जनावरांना विषारी’ अशी स्थानिक भाषेतील चिठ्ठी लावण्यास सांगावे. एकाच झाडाला दर जिल्ह्यात निराळे नाव असते, म्हणून प्रशिक्षणात नावाऐवजी ताजी फांदी व बी दाखवून ओळख करून द्यावी. रेबीज लसीकरणाच्या शिबिरात कुत्र्यांचे मालक एकत्र येतात. ही माहिती देण्यास त्याहून सोयीची वेळ नाही.